फुजैराची मॅच आणि माझा खणखणीत आवाज

फुजैराला जायचं ठरलं ते माझ्या बढाईमुळे, हे आधीच कबूल करून टाकतो. दुबईहून पूर्व किनाऱ्याची एका दिवसाची सहल कशी करावी असं बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून हे लिहायला बसलोय. रस्ता, खाणं, खर्च सगळं सांगेन. पण त्या सहलीत मी जे केलं ते वगळून नुसता रस्ता सांगणं मला जमणार नाही.

साल दोन हजार तीन असावं. दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी एस्टिमेटर होतो. तिथले फोरमन मोहिते कराडकडचे, गावात एकेकाळी कबड्डी गाजवलेले, बायकापोरं गावी. एकदा डबा खाताना ते त्यांच्या जुन्या पकडी सांगत होते आणि मलाही काहीतरी सांगावंसं वाटलं. म्हटलं, "आमच्या हिची टीम आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. देशात दुसरा नंबर."

"वहिनी फुटबॉल खेळतात?" मोहित्यांचा घास हातातच राहिला. "आणि तुम्ही आत्ता सांगताय साहेब? येत्या शुक्रवारी मी येणार म्हणजे येणार."

खरी गोष्ट अशी की, देशात बायकांच्या टीम होत्याच तीन. आमच्या पिवळ्या जर्सीवाल्या टीमचा नंबर तिसरा. त्यांनी आजवर एकही मॅच जिंकलेली नव्हती.

माझी बायको वैजयंती, म्हणजे वैजू, कोल्हापूरला विद्यापीठाच्या खो-खो संघात होती. दुबईत ती एका नर्सरी शाळेत शिकवायची. तिथली खेळाची टीचर केट ही ऑस्ट्रेलियन. स्पोर्ट्स डेला एक पोरगं गेटबाहेर पळालं तेव्हा वैजूने साडी खोचून त्याला ज्या वेगाने गाठलं, ते केटने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हिला जर्सीच आणून दिली. खेळ समजायला मला महिना लागला. चेंडू नारळासारखा लांबट. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही, ठोसा मारून पुढे द्यायचा. अंगावर येणारीला धरून पाडायला पूर्ण परवानगी. खरं तर अठरा-अठरा जणी खेळतात, पण आमच्याकडे एवढ्या बायका कुठून आणायच्या? नऊ-नऊवर भागवायच्या.

मी एकूण एक मॅच पाहिली होती. पहिल्या दोनचार वेळा कौतुक वाटलं, मग राग यायला लागला. आमच्या पिवळ्या सोपा चेंडू सोडायच्या आणि अवघडाच्या मागे धावायच्या. एकदा तर समोर रिकामे खांब असताना दोघी एकमेकींना "तू मार, तू मार" करत राहिल्या. मी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी आणि लोणच्याची बाटली मांडून वैजूला समजवायचो की कुणी कुठे उभं राहायला हवं होतं. ती ऐकून घ्यायची आणि मग मीठ उचलून आमटीत घालायची.

त्या गुरुवारी संध्याकाळी ती उजव्या गुडघ्याला लेप लावत बसली होती. हळद, तुरटी, काय काय होतं त्यात. म्हणाली, "सरळ पळताना काही नाही. पण त्याच्यावर जोर देऊन डावीकडे वळलं की कळ येते. कुणाला बोलू नका हं. केटला कळलं तर बाहेर बसवेल."

"मी कशाला बोलतोय?" मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी पावणेसहाला करामातल्या घरून निघालो. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. पुढे मी आणि वैजू, मागे नऊ वर्षांची सायली. अल क्वोजला वळून मोहित्यांना घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून कामगारांच्या कॅम्पच्या गेटवर उभे होते. टाकी भरायला पंचेचाळीस दिरहम लागले. शारजा मागे टाकून धैदचा रस्ता धरा. पहिला तासभर नुसती वाळू आणि तारेचं कुंपण. कुंपण असलं तरी उंटांवर विश्वास ठेवू नका. वेग एकशेवीसच्या वर गेला की आमची जुनी गाडी टिंग टिंग वाजायची, इथल्या सगळ्या गाड्यांना तशी घंटी असायची. सायली मागून ओरडायची, "बाबा, स्लो!"

धैदनंतर डोंगर सुरू होतात. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे डोंगर सोलून ठेवल्यासारखे वाटतील. झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी दगड. पण सकाळच्या उन्हात त्यांच्या एकामागे एक अशा सात-आठ रांगा दिसतात आणि बघत राहावंसं वाटतं. मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगाला बाजार लागतो. नाव फ्रायडे मार्केट, भरतो मात्र रोज. गालिचे, मातीची भांडी, रोपं, फळं. दुकानदार गाडी थांबायच्या आधी दार उघडायला येतो. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर सुरुवात करा, त्याला राग येत नाही.

मोहित्यांनी भाजलेलं कणीस घेतलं. "पाच दिरहम? म्हणजे साठ-बासष्ट रुपये! एका कणसाला?" त्यांनी विक्रेत्याला हिंदीत सुनावलं, "भाई, हमारे गांव में इतने में पूरा पोता आता है."

"तो गांव जाओ, हबीबी," तो हसत म्हणाला आणि दुसरं कणीस त्यांच्या हातात फुकट कोंबलं.

वैजूही खूप हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं मोकळं हसू मी पाहिलं.

साडेआठला फुजैरात पोचलो. समुद्राजवळ एका हॉटेलच्या मागे हिरवंगार मैदान होतं, दर तासाच्या भाड्याने मिळणारं. मॅच नऊला, कारण अकरानंतर जुम्म्याच्या नमाजाची वेळ होते. तुम्हीही हे लक्षात ठेवा. शुक्रवारी साडेअकरा ते दीड सगळं बंद असतं, पाणी आणि खाणं आधी घेऊन ठेवा. प्रेक्षक पंचवीस-तीस होते. गोरे नवरे, त्यांची पोरं, बर्फाच्या पेट्या. आम्ही सावलीत चटई टाकली. समोरची टीम निळी. त्यांच्यात सात नंबरची एक सडसडीत मुलगी होती. जर्सीखाली पूर्ण बाह्या, लांब पायजमा, डोक्याला घट्ट बांधलेला काळा स्कार्फ. मला वाटलं इजिप्तची किंवा लेबनॉनची असेल.

खेळाचे चार भाग असतात. पहिल्या भागात आमच्या पिवळ्यांनी चक्क बरोबरी ठेवली. मी मोहित्यांना नियम समजावत होतो, जरा जास्तच मोठ्याने. दुसऱ्या भागात नेहमीचं सुरू झालं. एकीने हातात आलेला चेंडू सोडला. दुसरीने खांबांच्या दिशेने मारायचा तो पार्किंगमध्ये मारला. केट ओरडून ओरडून लाल झाली. मध्यंतराला आम्ही वीस गुणांनी मागे होतो.

"साहेब," मोहिते कणसाचे दाणे खात म्हणाले, "दुसरा नंबर म्हणाला होता ना?"

मी म्हटलं, "आज फॉर्म नाहीये."

"तिसरा नंबर मग कसा असतो?"

ते थट्टेने बोलत होते. पण माझे कान तापले. अकरा मॅचचा साचलेला राग होताच, त्यात आता हे. मला त्या क्षणी माझ्या बायकोची, तिच्या टीमची आणि त्या पिवळ्या जर्सीची लाज वाटली. असं लिहायला आजही जड जातंय, पण वाटली.

तिसऱ्या भागात वैजू मागे, बचावाला उभी होती. तिच्या डावीकडून चेंडू गेला आणि ती वळली नाही. पुन्हा एकदा तसंच झालं. मोहिते कबड्डीवाले, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? ते म्हणाले, "वहिनी त्या अंगाला जातच नाहीत. भ्यायल्या की काय?"

भ्यायल्या! माझी बायको? मी उठलो, मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी गेलो आणि जेवढा आवाज होता तेवढा लावून ओरडलो, "अगं, डावीकडे वळ ना! उजवा गुडघा गेलाय, वळता येत नाही, तर मग आलीस कशाला? घरी बसायचं होतं!"

मराठीतच ओरडलो. इथल्या आपल्या लोकांना ही खोड असते. लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, दुकानात आपण मराठीतून समोरच्याचं वाट्टेल ते बोलतो, कारण मराठी कुणाला कळणार? मैदानावर कळणारी एकच बाई होती आणि तिला तर ते माहीतच होतं. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी ओरडलोच नव्हतो. मोहित्यांना ऐकू जावं म्हणून ओरडलो. बायको भित्री नाही, तिचं दुखतंय, म्हणजे माझी फजिती जरा कमी.

सात नंबरच्या मुलीची मान माझ्याकडे वळली. मला वाटलं, आवाजाने वळली असेल.

पुढचा चेंडू तिच्या हातात आला आणि ती थेट वैजूच्या अंगावर गेली. शेवटच्या क्षणी वैजूच्या डाव्या अंगाने निसटली. सहा गुण. दोन मिनिटांनी परत तेच. पुन्हा सहा. मग त्यांच्या दुसऱ्या मुलीही तिथूनच यायला लागल्या, कारण सात नंबरने त्यांना हाताने डावी बाजू दाखवली. तिसऱ्या वेळी वैजूने वळायचा प्रयत्न केला, पाय दुमडला आणि ती तोंडावर पडली. उठली. गवत झटकलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्ता चुकलेला माणूस पाटीकडे बघतो, तसं काहीतरी.

मोहित्यांनी कणीस खाली ठेवलं. "साहेब, त्या सात नंबरला कळलं वाटतं," ते हळूच म्हणाले.

मॅच किती गुणांनी हरलो ते आता आठवत नाही. सगळ्याजणी हात मिळवत होत्या तेव्हा सात नंबर पाण्याची बाटली घेऊन वैजूकडे आली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आंटी, गुडघा कसाय? सॉरी हं, खूप दुखलं का?"

शेजारी केट उभी होती. काय झालं म्हणून तिने विचारलं. त्या मुलीने अगदी काळजीने, सरळ मनाने सांगितलं, "हर नी. हर हजबंड सेड इट्स गॉन."

केटने वैजूला खाली बसवलं, गुडघा दाबून पाहिला. मग काहीतरी समजावलं. मी लांब होतो. सायली धावत सांगायला आली, "बाबा, मम्मा इज आउट. टू मॅचेस. केट सेज डॉक्टर फर्स्ट." आणि मग, "व्हाय डिड यू टेल एव्हरीबडी?"

मी तिला म्हटलं, जा, चपला घाल.

त्या मुलीचं नाव रुबीना परकार. हर्णैची. म्हणजे आईवडील हर्णैचे, ती इथेच जन्मलेली. तिचे वडीलही मॅचला आले होते, आम्हाला दिसलेच नव्हते. खोर फक्कानला त्यांचं जहाजांना सामान पुरवायचं दुकान. ते आले ते हात पसरूनच. "तुम्ही आमच्याकडचे! मग जेवल्याशिवाय कसे जाणार? यल्ला, चला, नमाज झाली की घरी या." मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर वैजू "येतो भाईजान" म्हणून मोकळी झाली होती.

फुजैरा ते खोर फक्कान पंचवीस किलोमीटर. रस्ता समुद्राच्या कडेने जातो आणि शेवटी डोंगर वळला की खालची खाडी एकदम समोर येते. एका अंगाला बंदराच्या क्रेन, दुसऱ्या अंगाला चंद्रकोरीसारखी वाळू. गाव शारजाच्या अमलाखाली आहे, तेव्हा चड्डी-बनियनवर हिंडू नका, पोलीस हटकतात. वैजूने मैदानावरच सलवार-कमीज चढवला होता. किनाऱ्यावर आम्ही तासभर थांबलो. मोहिते आणि सायली शंख वेचत होते. मी वैजूच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "मला काय माहीत, तिला मराठी येत असेल?"

ती समुद्राकडे बघत म्हणाली, "हे उत्तर आहे का?"

परकारांकडे तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं नारळातलं सालन आणि शेवटी गोड सांदणं होती. असं जेवण मी त्या देशात आधी जेवलो नव्हतो. आत स्वयंपाकघरात वैजू रुबीनाच्या आईशी बोलत होती, कुठलं पीठ, किती वेळ आंबवायचं. रुबीनाने तिच्या गुडघ्याला बर्फ बांधून दिला होता. बाहेर आम्ही तिघे पुरुष.

परकार मोहित्यांना सांगत होते, "आमच्या दुकानात मुंबईचे खलाशी येतात. माझी दाढी बघतात, हिंदी बोलतात. आपसात मराठीत ठरवतात, बुढ्ढ्याला एवढ्यावर आण. मी सगळं ऐकतो, गप्प बसतो, मग माझाच भाव लावतो." ते खदखदून हसले. मग माझ्याकडे वळले. "पण मैदानावर पोरीला काय सांगू? कान बंद कर? ती खेळायला आलेली."

"तिची काहीच चूक नाही," मी म्हटलं.

"माहितीय," ते म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्यांनी एवढंच म्हटलं. मला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या माणसाला मी मनातल्या मनात हिशेबातच धरलं नव्हतं, की हा आपला असेल, याला आपली भाषा असेल, त्याच्याच घरी मी बोटं चाटून जेवत होतो. निघताना रुबीनाच्या आईने सायलीला सांदणांचा डबा दिला. मोहित्यांनी परकारांना वाकून नमस्कार केला. मला नजर वर करवत नव्हती.

परतीला चारला निघालो. संध्याकाळी मसाफीच्या घाटात ट्रक फार असतात, ओव्हरटेकची घाई करू नका. मोहिते आणि सायली झोपले. मसाफी गेलं, धैद आलं. मी म्हटलं, "चुकलं माझं."

वैजूने गुडघ्याला बांधलेला बर्फाचा फडका सोडला. मग म्हणाली, "सात वर्षं झाली मला इथे येऊन. व्हिसा तुमचा, घर तुमच्या कंपनीचं. कुणी विचारलं की मी अमक्याची मिसेस. त्या मैदानावर मला फक्त वैजू म्हणतात."

"मी रागाच्या भरात..."

"राग कसला? आम्ही हरतो त्याचा?" तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, आम्ही हरतो आणि आम्हाला त्याची लाज वाटत नाही. आम्ही हरल्यावर कपडे बदलताना गाणी म्हणतो. लाज तुम्हाला वाटते. मला ती तिथे नकोय. तुम्ही येऊ नका आता."

गाडी टिंग टिंग वाजायला लागली. वेग कमी करायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

एकूण खर्च म्हणाल तर पेट्रोल, बाजारातली फळं आणि दोन मातीच्या कुंड्या धरून शंभर दिरहमच्या आतबाहेर. आता नवा, बोगद्यांचा रस्ता झालाय म्हणतात, वेळ निम्म्याने वाचतो. मसाफीचा बाजार मात्र चुकवू नका आणि खोर फक्कानला उजाडताच पोचा, उन्हं वर आली की वाळू भाजते. कुठे आपला माणूस भेटला तर त्याच्याशी बोला. तो भेटण्याआधीही जरा जपूनच बोला.

शनिवारी मोहिते डबा खायला बसले तेव्हा वर्कशॉपमधल्या कुणीतरी विचारलं, मॅच कशी झाली. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "वहिनी वाघिणीसारख्या खेळल्या." दुखऱ्या पायाचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी त्यांच्याकडून तेवढं तरी शिकायला हवं होतं.

वैजू दोन मॅच बाहेर बसली, पण जर्सी घालून बसली. मग गुडघ्याला पट्टा बांधून परत खेळायला लागली. शुक्रवारी सकाळी केटची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवायची, वैजू आणि सायली जायच्या आणि मी बाल्कनीतून हात करायचो. मी एकदाच विचारलं, येऊ का म्हणून. "नको," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, चहा नको म्हणावं तसं. मग पुन्हा विचारलं नाही. मिठाची बरणी जिथल्या तिथे राहायला लागली.

त्या हंगामाच्या शेवटी शेवटी एका शुक्रवारी दोघी दुपारी दोनला घरी आल्या. वैजूच्या कोपरापर्यंत चिखल आणि आवाज पार बसलेला. मी नेहमीसारखं विचारलं, "किती?"

"जिंकलो," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

मी सायलीला धरून बसवलं. कसे जिंकलो, शेवटचा गोल कुणी मारला, मम्मा कुठे उभी होती, सगळं सांग म्हटलं. तिने हातवारे करत सुरुवात केली, मम्माने डावीकडून आलेला चेंडू अडवला म्हणाली, मग स्वतःच हसायला लागली आणि हसता हसता तिला पुढचं सांगताच येईना. "तुला नाही कळणार बाबा," ती म्हणाली, "यू हॅड टू बी देअर."

आतून वैजूचं गाणं ऐकू येत होतं, बसलेल्या आवाजातलं. त्या टीमच्या अकरा मॅच मी हरताना पाहिल्या, बारावी माझ्या तोंडाने हरवली. ती टीम जिंकली तेव्हा मी घरी कपडे वाळत घालत होतो.